डाल्यात स्टेपनी बसवायची तर तिला खुंटी नको, खुर्ची दे

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका तरुण पिकअपवाल्याने विचारलं आहे: "काका, माझी एक टनाची जुनी पिकअप आहे. सीएनजी बसवली तेव्हा खालचा स्टेपनीचा पाळणा काढला, तिथे टाकी आली. तेव्हापासून स्टेपनी डाल्यात, मागे माल भरतो तिथे, दोरीने बांधून फिरतोय. आठवड्याला तीन फेऱ्या असतात, सनावद-बेडियाकडून मिरची आणि भाजी चोइथराम मंडीत आणतो. मिस्त्री म्हणतो, केबिनमागच्या पत्र्याला दोन बोल्ट मारून टांगून देतो, अर्ध्या तासाचं काम. करून घेऊ का?"

नको घेऊस. मिस्त्री खोटं बोलत नाहीये, काम खरंच अर्ध्या तासाचं आहे. मीही पूर्वी तसंच करून द्यायचो. सांवेर रोडला गाड्यांच्या बॉड्या बांधता बांधता एकतीस वर्षं झाली, त्यातल्या पहिल्या चार-पाच वर्षांत अशा दहाएक स्टेपन्या मी टांगल्या असतील. त्यातली एक भेरूघाटात सुटली. डाल्यात कांद्याची पोती होती म्हणून ती पोत्यांवर पडली आणि तिथेच राहिली. डाला रिकामा असता तर फाळक्यावरून (डाल्याच्या उघडणाऱ्या कठड्यावरून) उडी मारून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर गेली असती. गाडीचा मालक शिव्या द्यायला आला आणि येताना पुरावा घेऊन आला. बोल्ट, नट, वायसर तिन्ही जसेच्या तसे. वायसरभोवती मात्र चंद्रकोरीच्या आकाराचा फाटका पत्रा चिकटलेला होता. तो तुकडा मी बरीच वर्षं कारखान्यात खिळ्याला अडकवून ठेवला होता, नवीन पोरांना दाखवायला.

त्या तुकड्याचा हिशेब आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. चार सुताचा, म्हणजे आताच्या भाषेत एम-१२ चा बोल्ट घे, डोक्यावर ८.८ लिहिलेला. तो एकटा जवळजवळ ५ टनाची ओढ सहन करतो. तुझी स्टेपनी डिस्कसकट, म्हणजे टायरच्या आतल्या लोखंडी चाकासकट, २२-२५ किलोची. मग लोक म्हणतात, दोन बोल्ट भरपूर झाले. पण बोल्ट ज्यातून जातो तो पत्रा दीड मिलिमीटरचा आहे, त्याचं काय? आता चाक पत्र्यावर टांगलंय असं धर. चाकाचं वजन पत्र्यापासून साधारण १५ सेंटिमीटर बाहेर आहे आणि दोन बोल्ट एकाखाली एक, १० सेंटिमीटर अंतरावर. गाडी उभी असताना वरच्या बोल्टवर पत्र्याला बाहेर ओढणारा जोर येतो २५ गुणिले १५ भागिले १०, म्हणजे साडेसदतीस किलो. खड्ड्यात चाक आदळलं की वजन क्षणभर तिपटीनं लागतं, म्हणजे शंभर किलोच्या वर. एकदा शंभर किलो ओढून पत्रा फाटणार नाही. पण तुझ्या वाटेवर सिमरोलपासून मोरटक्क्यापर्यंत असे धक्के किती बसतात ते तू मोजलेस का? प्रत्येक धक्क्याला पत्रा केसभर आत-बाहेर होतो. तार हातात धरून इकडे-तिकडे वाकवत राहिलं की कधीतरी तुटते, तसंच हे. फाटतो तो थकून फाटतो.

म्हणून माझा नियम एकच आहे. स्टेपनीला खुंटी द्यायची नाही, खुर्ची द्यायची. वजन खाली बसलं पाहिजे, बोल्टने फक्त धरून ठेवायचं. बोल्ट निघाला तरी चाक जागेवर बसून राहिलं पाहिजे, इतपत.

खुर्ची कुठे ठेवायची हा मात्र त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि इथे बहुतेक लोक फसतात, कारण ते चाक बसवण्याचा विचार करतात आणि काढण्याचा करत नाहीत. स्टेपनी तू रिकाम्या गाडीत, कारखान्याच्या सावलीत बसवून घेणार. काढणार कधी? मिरचीच्या पोत्यांनी डाला गच्च भरलेला, रात्रीचे दोन, बडवाहच्या अलीकडे पाऊस, आणि तू एकटा. त्या वेळी पोती उतरवल्याशिवाय चाक हाताला आलं पाहिजे. जी स्टेपनी माल उतरवल्यावर मिळते, ती त्या रात्री नसल्यातच जमा.

त्यामुळे केबिनमागे, पत्र्याला पाठ लावून चाक उभं करायची कल्पना मला आता आवडत नाही. चाक धरणारा नट मागे, मालाकडे तोंड करून राहतो. पोती टेकली की नटापर्यंत हात जात नाही. हात गेलाच तर चाक स्टडवरून, म्हणजे ते ज्यावर अडकतं त्या आट्यांच्या दांड्यावरून, बाहेर सरकायला वीतभर जागा लागते, ती नसते. तुझ्या गाडीला तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात ना? मग डाल्याचा पुढचा डावा कोपरा घे आणि चाक उभंच ठेवून आडवं फिरव, म्हणजे त्याची बाजू डाव्या फाळक्याला समांतर आणि नटाचं तोंड रस्त्याकडे. खुर्चीची पाठ आतल्या, मालाच्या बाजूला येईल. फाळका पाडला की नट तुझ्या छातीसमोर. पाना लावायचा, चाक स्वतःकडे ओढायचं, झालं. मालाला हात लावायचं कारणच नाही, उलट खुर्चीची पाठ पोत्यांना अडवून धरते.

डावी बाजू का, ते सांगायला नको खरं तर. आपण डाव्या हाताला गाडी लावतो, ट्रक उजवीकडून जातात. ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून वजनही थोडं बरोबरीत येतं, पण ते २५ किलोचं गणित किरकोळ, खरं कारण ट्रकचंच. आणि पुढचा कोपरा अशासाठी की तो मागच्या धुऱ्याच्या पुढे येतो. शेपटीकडे वजन लावलं की ते धुऱ्याच्या मागे लोंबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि खड्ड्यातले हिसकेही तिथेच सगळ्यात जास्त बसतात. शिवाय ब्रेक लागला तर चाक पुढे जायला बघणार आणि तिथे केबिनमागचा पत्रा आहेच अडवायला.

केबिनच्या टपावर जाळी बांधून त्यात स्टेपनी ठेवणारेही बरेच आहेत. तुझ्या वयाला २५ किलो तिथून उतरवणं जमेल. मला आता जमणार नाही, आणि तुझ्या गाडीवर उद्या जो ड्रायव्हर ठेवशील तो पन्नाशीचा असू शकतो.

(हा "स्टेपनी" शब्द कुठून आला माहीत आहे? मला वाटायचं हिंदी असेल. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस नावाच्या माणसाने पंक्चर झालेल्या चाकावरच अडकवायचं जोडचाक काढलं. त्या काळच्या गाड्या जास्तीचं चाक देतच नसत. इंग्रज तो शब्द विसरले, आपण अजून धरून बसलोय.)

आता खुर्ची. सामान लोहामंडीत एका फेरीत मिळेल. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल अडीच मीटर, ५० बाय ६ ची पट्टी मीटरभर, ६ मिलिमीटर जाड प्लेटचा वीतभर चौकोन, आणि जाड पाइपाचा तुकडा. या अँगलचं वजन मीटरला ३ किलो, सगळं मिळून दहा-बारा किलोच्या वर खुर्ची जाऊ नये. गेली तर मिस्त्री आपल्या भंगारातलं लोखंड तुझ्या गळ्यात मारतोय असं समज.

खाली दोन अँगल, डाल्याच्या रुंदीच्या दिशेने. त्यांवर चाक बसायला दोन आडव्या पट्ट्या, एकमेकींकडे कललेल्या, म्हणजे टायर मध्ये घसरून आपणहून बसतो आणि पुढे-मागे लोळत नाही. पट्ट्यांवर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं रबर. सायकलच्या ट्यूबचं लावू नकोस, महिन्यात चिंध्या होतात. आतल्या बाजूला पाठ म्हणून दोन उभे अँगल, मध्ये प्लेट, आणि पाठीपासून खालच्या अँगलपर्यंत दोन तिरपे टेके. टेक्याशिवाय पाठ उभी केलेली मी रोज बघतो. दिसायला ती मजबूत दिसते, हलवून बघितली की झोपाळ्यासारखी डुलते. चाक सरळ उभं ठेवू नकोस, वरची कड ६-७ सेंटिमीटर आत, पाठीकडे झुकव. तेवढ्याने वजन कायम पाठीवर रेलून राहतं, फाळक्यावर येत नाही. टायर आणि बंद फाळका यांत ३-४ सेंटिमीटर फट राहू दे, नाहीतर फाळका लावताना रोज लाथ मारावी लागेल.

वेल्डिंगबद्दल एक सांगतो. आम्ही अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, सांगाडे बांधतो. गिरण्यांच्या झांक्यांची इंदूरची जुनी रीत तुला ठाऊकच आहे. त्या सांगाड्यांना आम्ही जागोजागी टाके मारून सोडतो आणि ते रात्रभर टिकतात, कारण झांकी बैलगाडीच्या चालीने चालते. तसाच हात सवयीने पिकअपवर चालला तर घोटाळा. इथे टाका नको, पूर्ण शिवण हवी, दोन्ही बाजूंनी. आणि टेका जिथे पाठीला मिळतो तिथे टोकदार कोपरा न ठेवता लहानसा त्रिकोणी तुकडा भरून घे. तडा नेहमी कोपऱ्यातून सुरू होतो.

खुर्ची कारखान्यात जमिनीवर पूर्ण वेल्ड करून, रंगवून मग गाडीत बोल्टने बसवायची. गाडीवर वेल्डिंग करायचंच नाही, तुझ्या गाडीवर तर अजिबात नाही. खाली सीएनजीची टाकी आहे, भरल्यावर आत २०० बारचा दाब असतो, आणि तिच्या नळ्या चॅसिसलगत पुढे जातात. ठिणगी कुठे जाऊन पडेल ते वरून दिसत नाही. ज्यांच्या गाडीत सीएनजी नाही आणि जे वेल्डिंगचाच हट्ट धरतात, त्यांनी निदान बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इतके सेन्सर आहेत की उलटा करंट फिरला तर वेल्डिंगच्या पैशाच्या कितीतरी पट खर्च दुसऱ्याच मिस्त्रीकडे होतो.

भोकं पाडण्याआधी गाडीखाली जा. स्वतः जा, पोराला पाठवू नकोस. टॉर्च घेऊन बघ की डाल्याच्या त्या कोपऱ्याखाली ब्रेकचा पाइप, वायरिंगचा जुडगा, गॅसची नळी काय काय जातंय. डाल्याच्या पत्र्याखाली रुंदीच्या दिशेने आडवे मेंबर, म्हणजे आधाराचे लोखंडी दांडे, असतात. खुर्चीचे दोन्ही खालचे अँगल बरोबर त्यांच्यावर आले पाहिजेत आणि बोल्ट त्यांच्यातूनच गेले पाहिजेत. खुर्चीची मापं त्या दोन मेंबरांमधल्या अंतरावरून ठरतात. लोक उलट करतात, खुर्ची आधी बनवतात आणि मग खाली काय येतं ते बघतात. एखादा बोल्ट मेंबर सोडून पत्र्यातच पडणार असेल तर खालून निदान ८ बाय ८ सेंटिमीटरची, ५-६ मिलिमीटर जाड पट्टी लाव. वायसर कितीही मोठा असला तरी पातळ असतो, तो बशीसारखा वाकतो.

चॅसिसला मात्र हात लावायचा नाही. लांब चॅनलच्या वरच्या आणि खालच्या कडेला तर कधीच भोक नको, माल भरल्यावर सगळा ताण त्याच कडांवर येतो.

डाल्याचा पत्रा सपाट नसतो, नाल्या असतात. अँगल उंचवट्यावर टेकतो आणि बोल्ट नालीत उतरतो. असाच आवळला तर पत्रा खाली दबतो, आज घट्ट वाटतं, आठवड्याने ढिलं. म्हणून बोल्टभोवती पाइपाचा बुश टाक, नालीच्या खोलीएवढा कापलेला, म्हणजे लोखंडावर लोखंड आवळलं जाईल आणि मधला पत्रा सुटा राहील. चार बोल्ट पुरेत, एम-१२, ८.८ चे, खालून नायलॉनवाले नट. टॉर्क पाना असेल तर ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. नसेल तर हातभर पान्याने नेटाने, पण त्यावर पाइप चढवून लटकू नकोस. नायलॉनचा नट एकदा काढला की फेकून दे, दुसऱ्यांदा त्याची पकड तशी राहत नाही. भोकांच्या कडांना आधी प्रायमर, मग सिलिकॉन. मालव्याच्या पावसात उघडी कड एका चौमाशात गंजते.

आता चाक धरायचं कसं? डिस्कच्या मधल्या मोठ्या भोकातून एकच जाड स्टड, पाठीच्या प्लेटला वेल्ड केलेला, एम-१६ चा. बाहेरून मधल्या भोकापेक्षा चारएक सेंटिमीटर मोठी चकती आणि त्यावर नट. नट गाडीच्या चाकाच्या नटाच्याच मापाचा शोध, म्हणजे रात्री एकच पाना लागतो. ते मिळालं नाही तर त्या नटाचा पाना तिथेच बांधून ठेव.

फक्त स्टड आणि चकतीवर समाधान मानू नकोस. चाकाची आतली बाजू खोलगट असते. तसंच आवळलं तर टायरच पाठीवर दाबला जातो, डिस्क मध्ये अधांतरी. कंपनीच्या खालच्या पाळण्यात असंच असतं, आणि तिथे होतं काय, स्टेपनीतली हवा उतरली की पकड ढिली पडते आणि खडखड सुरू होते. आवळणं लोखंडावर झालं पाहिजे. म्हणून पाठीच्या प्लेटवर पाइपाचा एक ठोकळा बसव, स्टूलसारखा, जो डिस्कच्या आत शिरून जिथे डिस्क हबला टेकते तिथपर्यंत पोचेल. त्याची लांबी मोजायला चाक आतली बाजू वर करून जमिनीवर ठेव, टायरवर सरळ पट्टी आडवी टाक, पट्टीपासून खाली डिस्कच्या टेकायच्या जागेपर्यंतचं माप घे. त्यात अर्धा सेंटिमीटर वाढव, म्हणजे टायर पाठीपासून जरासा सुटा राहतो, दबत नाही.

चाक उलटं लावलं तर स्टूलाची गरज पडत नाही, असं कोणी सांगेल. बरोबर आहे. पण मग हवेचा व्हॉल्व्ह आत पाठीकडे जातो आणि हवा भरायला दर वेळी स्टेपनी काढावी लागते. कोण काढतं? कोणी काढत नाही. मग ज्या रात्री लागते त्या रात्री ती चपटी निघते. व्हॉल्व्ह बाहेर, रस्त्याकडे, हे ठरलेलं.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मला कोणी शिकवली नाही, नुकसानीतून कळली. एका नटावर धरलेलं चाक हिसक्यांनी हळूहळू फिरतं, आणि फिरताना नटालाही सोबत नेतं. त्याला अडवायला पाठीच्या प्लेटवर एक छोटी खुंटी हवी, जी डिस्कच्या नटाच्या एका भोकात शिरेल. इथे खुंटी चालेल, कारण तिच्यावर वजन नाही, ती नुसती चाकाचा कान धरते. तिची जागा काढायला भोकांच्या वर्तुळाचं माप लागतं. चार किंवा सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर हाच व्यास. पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोज आणि त्याला १.७ ने गुण. ८२ मिलिमीटर आलं तर व्यास १३९-१४०. त्याच्या अर्ध्यावर खुंटी.

स्टडच्या टोकाला आडवं भोक पाडून त्यात कुलूप. कुलपाला जुन्या ट्यूबचा तुकडा चढव, नाहीतर रात्रभर टकटक. स्टडच्या आट्यांना ग्रीस लाव. गाडीच्या चालत्या चाकांच्या नटांना मात्र ग्रीस लावायचं नाही, कोरड्या आट्यांवर मोजलेला जोर ग्रीसवर जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणतो. स्टेपनीच्या स्टडचं तसं नाही, तो सहा महिन्यांनी सहज सुटला पाहिजे.

जागेबद्दल तू पुढे रडशील हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच मोजून देतो. तुझ्या टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असेल तर त्याची उंची अशी निघते: १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात २१५ च्या ७५ टक्क्यांचे दोन पट, ३२२. एकूण ७० सेंटिमीटर. आडवी टाकलीस तर ७० बाय ७० जागा गेली. माझ्या खुर्चीत रुंदीत साधारण ३५ आणि लांबीत ७०, म्हणजे निम्मी. पोती असतील त्या दिवशी काही कळणारच नाही. भाजीचे प्लॅस्टिक क्रेट ६० बाय ४० चे असतात, प्रत्येक थराला जवळजवळ एक क्रेट जाईल. ते पण वाचवायचे तर खुर्चीच्या चारही कोपऱ्यांना उभे अँगल वर नेऊन टायरच्या डोक्यावर चार बोटं सोडून फळी टाक. वरचे थर फळीवर बसतात आणि खालून चाक बाजूला ओढलं तरी ते हलत नाहीत. फळीवर मिरचीची पोतीच चढव, बटाटा नको.

ही खुर्ची करतानाच पाठीमागच्या त्रिकोणात जॅक, टॉमी (जॅकचा दांडा) आणि लाकडाचे दोन गुटके बसतील अशी पेटी करून घे. ती पेटी मालाकडून न उघडता फाळक्याकडून उघडली पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. एक रिकामं पोतं तिथेच घडी करून ठेव. चाक उतरवताना उचलायचं नाही, डाल्याच्या कडेवर आणून खाली टाकलेल्या पोत्यावर सोडायचं. पंक्चर झालेलं चाक चढवताना आधी कडेवर टेकवायचं, मग गुडघ्याने वर लोटायचं. पाठीचा मणका सगळ्यात महाग स्पेअर आहे आणि तो लोहामंडीत मिळत नाही.

बसवल्यावर चारही बोल्टांवर आणि मधल्या नटावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढ, नटापासून प्लेटपर्यंत. शंभर किलोमीटरने बघ, म्हणजे तुझ्या बेडियाच्या पहिल्या फेरीतच. रेघ तुटलेली दिसली तर आवळ आणि नवी ओढ. मग पाचशेला. त्यानंतर सर्व्हिसिंगच्या वेळी पुरे.

उघड्यावर ठेवलेल्या स्टेपनीला ऊन खातं. खाली असायची तेव्हा चिखल खायची, आता ऊन. आपल्याकडे मे महिन्यात डाल्याचा पत्रा हाताला चटका देतो. जुन्या फ्लेक्सचं कव्हर शिवून घे, खालून उघडं, म्हणजे पाणी साचत नाही. हवा महिन्यातून एकदा बघ आणि मागच्या चाकांना भरल्या मालाला जितकी लागते तितकीच ठेव. जास्त झाली तर काढता येते, कमी पडली तर रात्री दोन वाजता भरता येत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते. पाच-सहा वर्षं झाली आणि बाजूला बारीक तडे दिसले तर तिच्यावर टन लादून घाट उतरू नकोस, मंडीपर्यंत हळू ये आणि बदल.

कायद्याचं विचारलं नाहीस, पण कोणीतरी नाक्यावर विचारेल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत जे लिहिलंय ते बदलेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. डाल्याच्या आत बोल्टने बसवलेली, काढता येणारी खुर्ची आरसीतलं काही बदलत नाही. डाल्याची लांबी-रुंदी वाढवलीस किंवा चाक बाहेर लोंबतं ठेवलंस तर तो वेगळा मामला. सीएनजी आरसीवर चढवून घेतली असशीलच. नसेल तर स्टेपनीआधी ते काम कर. आणि टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी होते, त्या वेळी ती खाली उतरवावी लागते. खुर्चीचे बोल्ट तिच्या पट्ट्यांच्या आड येत नाहीत ना, ते आत्ताच बघून ठेव.

ज्यांच्या गाडीखाली जागा शाबूत आहे त्यांनी हे सगळं वाचून उगाच डाल्यात खुर्ची करायला धावू नये. खालचा पाळणा वाईट नाही, वजन खाली राहतं आणि मालाची जागा पूर्ण मिळते. त्याचे दोष दोन. आपली काळी माती ओली चिकटते आणि वाळली की सिमेंट होते, त्यात साखळी किंवा वायर गंजून बसते. ती दर पावसाळ्यानंतर एकदा खाली सोडून, धुऊन, तेल लावून पुन्हा वर घ्यायची, एवढंच. दुसरा दोष असा की भरलेली गाडी मागे दबते, त्यात मागचंच चाक बसलं की खाली इतकी कमी जागा उरते की स्टेपनी बाहेर सरकत नाही. आधी जॅक लावून गाडी उचलायची, मग स्टेपनी काढायची. उलट क्रमाने करणारे अर्धा तास झोपून शिव्या देत असतात.

तुझ्या मिस्त्रीला हे दाखव. तो करेल, त्याला अर्ध्या तासाऐवजी एक दिवस लागेल आणि तो तसे पैसे मागेल, ते दे. माझ्याकडे यायचं असेल तर सकाळी ये, दहाच्या आत, गाडी रिकामी आणि खालून धुतलेली. पोहे इथेच खाऊ. आणि स्टेपनी बरोबर आण. हसू नकोस, मागच्या महिन्यात एकजण खुर्चीचं माप द्यायला आला आणि चाक घरी अंगणात ठेवून आला, डाल्यात जागा अडते म्हणून.